टर्बो असूनही उंचावरच्या ट्रॅकवर गाडी का बदलते? मेक्सिको सिटी, पाइक्स पीक आणि तुमची लडाखची रॅली

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मेक्सिको सिटीची एफ-वन रेस लागली की कॉमेंटेटर सारखं सांगतात, इथं हवा विरळ आहे, इथं सगळं वेगळं. पण आजच्या गाड्या टर्बोच्या आहेत आणि टर्बो हवा दाबूनच आत घालतो, मग उंचीने फरक का पडावा? आणि पडतो म्हणता तर सगळ्यात जास्त टॉप स्पीड तिथंच कसा दिसतो? शेवटी तुम्ही हेही विचारलंय की मित्रांबरोबर टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेऊन लडाखकडच्या रॅलीत उतरायचंय तर काय काय बदलायचं.

मी पुण्यात रॅली आणि ट्रॅकच्या गाड्यांचं ट्यूनिंग आणि डेटा बघायचं काम बरीच वर्षं करतोय, हिमालयातल्या रॅलींना सर्व्हिस क्रूबरोबर जाणं होतं. एफ-वनच्या टीममध्ये मी कधी नव्हतो, त्यामुळे तिथलं जे सांगतो ते नियम, रेसमध्ये उघड दिसलेल्या गोष्टी आणि साधं फिजिक्स एवढ्यावरून. लडाखचं मात्र हाताने केलेलं काम आहे.

सगळ्यात आधी प्रश्नच थोडा वळवतो, कारण उंचीचा विषय निघाला की नव्वद टक्के लोक फक्त पॉवरबद्दल बोलतात. रेसिंग कारमध्ये हवा एकच काम करत नाही. ती इंजिनात पेट्रोल जाळायला लागते, ती विंगवरून जाऊन गाडीला खाली दाबते, ती गाडीला समोरून अडवते, ती रेडिएटर आणि ब्रेक थंड करते, आणि आत बसलेला माणूस तीच श्वासात घेतो. टर्बो यातलं फक्त पहिलं काम सांभाळतो, तेही फुकट नाही. बाकीच्या कामांसाठी गाडीत टर्बो नसतो. त्यामुळे 'टर्बो आहे म्हणजे उंचीचा प्रश्न संपला' हे पहिल्यापासूनच अर्धवट आहे.

आता आकडे. मेक्सिको सिटीचा ऑटोड्रोमो एर्मानोस रॉड्रिगेझ हा ट्रॅक सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१३ मिलिबारच्या आसपास असतो, तिथं तो साधारण ७८० वर येतो. ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही बरं का, ते सगळीकडे २१ टक्केच असतं, फक्त एक लिटर हवेत रेणूच कमी असतात. एक घनमीटर हवेचं वजन खाली १.२ किलोच्या जवळ, तिथं २० डिग्रीच्या दिवशी साधारण ०.९३ किलो. म्हणजे पाऊणपट आणि वर थोडं. दिवस तापला की आणखी कमी होतं, म्हणून नुसते मीटर बघून चालत नाही, त्या दिवसाचं तापमान आणि दाब दोन्ही धरून हवेची घनता काढावी लागते, आम्ही रॅलीला सकाळी आणि दुपारी वेगवेगळी काढतो.

टॉप स्पीडचं गणित मला फार आवडतं. समजा साधं नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन आहे, टर्बो नाही. हवा २२ टक्के कमी म्हणजे पॉवर ढोबळमानाने २२ टक्के कमी. पण समोरून अडवणारी हवा पण २२ टक्के कमी! म्हणजे टॉप स्पीड जवळपास तेवढाच राहतो, फक्त तिथपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, कारण गाडीचं वजन काही उंचीवर कमी होत नाही. आता टर्बोची गाडी घ्या. पॉवर जवळजवळ पूर्ण मिळते आणि ड्रॅग, म्हणजे समोरच्या हवेचा अडथळा, मात्र २२ टक्के कमी. सरळ रस्त्यावर टॉप स्पीडला लागणारी पॉवर वेगाच्या घनात वाढते, त्यामुळे हिशोब केला तर सुमारे ८-९ टक्के जास्त टॉप स्पीड निघतो. ३३० ची गाडी ३५५-३६० ला जाते. २०१६ च्या मेक्सिको रेसमध्ये विल्यम्स टीममधल्या वाल्टेरी बोटासचा ३७२.५ किमी वेग नोंदला गेला तो यामुळेच, त्यात पुढच्या गाडीच्या मागे राहण्याचा फायदाही मिळतोच. म्हणजे तुम्हाला जो विरोधाभास वाटला तो विरोधाभास नाहीच, टर्बोची गाडी उंचीवर सरळ रस्त्यावर फायद्यातच असते. मार बसतो तो कोपऱ्यात आणि ब्रेकवर.

हे सगळं टर्बोच्या पहिल्या दिवसांत अगदी स्पष्ट दिसलं होतं. रेनोने १.५ लिटरचा टर्बो आणला तेव्हा बाकी सगळे ३ लिटरच्या साध्या इंजिनवर होते. रेनोची पहिली पोल पोझिशन, म्हणजे रेस सुरू करायची सगळ्यात पुढची जागा, कुठे आली? १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला, जोहान्सबर्गजवळ, साधारण १,५०० मीटर उंचीवर, ज्याँ-पिएर जाबुईने घेतली. १९८० ला रेने आर्नूने दोन रेस जिंकल्या, एक साओ पाउलोच्या इंटरलागोसला जो सातशे-आठशे मीटरवर आहे, आणि दुसरी परत क्यालामीला. १९८२ ला क्यालामीलाच प्रॉस्ट रेनोमध्ये जिंकला. तो टर्बो तेव्हा तसा बेभरवशाचाच होता, पण उंचीवर बाकीच्यांची पॉवर जास्त उतरायची आणि याची कमी उतरायची, एवढा फरक पुरेसा होता.

आणि त्याच्याही आधी, टर्बो नव्हता तेव्हा, खेळ सगळा मिक्श्चरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा, होता. १९६५ ला होंडाची एफ-वनमधली पहिली रेस जिंकली गेली ती मेक्सिको सिटीतच, रिची गिंथर, पहिल्या लॅपपासून शेवटच्या लॅपपर्यंत पुढे. टीमचे प्रमुख योशिओ नाकामुरा हे मूळचे विमानाच्या इंजिनांच्या कामातले होते, विरळ हवेत पेट्रोल किती द्यायचं हा त्यांच्या जुन्या धंद्याचाच प्रश्न होता. हवा कमी आणि पेट्रोल खालच्या सेटिंगचं, की मिक्श्चर रिच होतं म्हणजे पेट्रोल जास्त होतं, प्लग काळे पडतात, इंजिन घोगरं होतं. कार्ब्युरेटरच्या बाइक घेऊन लेहला गेलेल्या कुणालाही विचारा. आज हे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, करतो त्यामुळे नव्या मुलांना यात प्रॉब्लेम होता हेच माहीत नसतं.

आता टर्बोला हे किती जड जातं ते बघू. टर्बो किती दाब देतो यापेक्षा किती पट दाबतो हे महत्त्वाचं, कारण कॉम्प्रेसरला तेवढंच कळतं. समजा इंजिनाला आत २ बार दाब हवा आहे, ॲब्सोल्यूट, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण. समुद्रसपाटीला १ बारची हवा दुप्पट दाबली की झालं. मेक्सिकोत ०.७८ बार आहे, म्हणजे अडीच पटीहून थोडं जास्त. त्यासाठी टर्बो जास्त वेगाने फिरवावा लागतो, आणि हवा जास्त दाबली की जास्त तापते, माझ्या हिशोबाने इथं तीसेक डिग्री जास्त. ती तापलेली हवा जाते इंटरकूलरमध्ये, म्हणजे इंजिनात जायच्या आधी तिला थंड करणाऱ्या जाळीत, आणि इंटरकूलरला थंड करायला बाहेर परत तीच विरळ हवा. बघा कसं एकावर एक चढतं.

एफ-वनमध्ये २०१४ ते २०२५ च्या नियमांत टर्बोला मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांची मर्यादा होती आणि पेट्रोल ताशी १०० किलोच्या वर देता येत नव्हतं. पेट्रोलच बांधलेलं असल्यामुळे टर्बोला फक्त तेवढ्या पेट्रोलपुरती हवा आणायची असते, म्हणून उंचीवर पॉवर फार पडत नाही. पण खालच्या ट्रॅकवर ज्या टर्बोकडे हातात बरीच जागा शिल्लक असते तो इथं काठावर येतो. २०१७ ला मेक्सिकोत रेनो इंजिनवाल्या गाड्या एकामागून एक बंद पडल्या, रिकार्डो, हुल्केनबर्ग, हार्टली. आणि त्याच रेसमध्ये त्याच इंजिनवर व्हर्स्टापेन जिंकला, पुढच्या वर्षी परत जिंकला. म्हणजे इंजिन वाईट होतं असं नाही, काठावर चालत होतं. म्हणून इंजिनवाल्यांचा पहिला निर्णय इथंच असतो, पूर्ण पॉवर मागायची आणि टर्बो जोखमीत टाकायचा की दोन-तीन टक्के सोडून द्यायचे. मोठा टर्बो बनवणाऱ्याला इथं आराम मिळतो, छोटा आणि चपळ टर्बो बनवणाऱ्याला बाकीच्या ट्रॅकवर. वर्षात उंचीची रेस एकच असेल तर तिच्यासाठी कोणी अख्खं डिझाइन बदलत नाही. आणि २०२६ च्या नियमांत टर्बोला विजेने फिरवणारी ती एमजीयू-एच मोटरच काढली आहे, त्यामुळे कोपऱ्यातून बाहेर पडताना टर्बो वेळेत फिरवणं हा उंचीवर आधीपेक्षा मोठा विषय झालाय.

पॉवरचं इथपर्यंत. डाउनफोर्सला, म्हणजे हवा गाडीला खाली दाबते त्या जोराला, मात्र काही इलाज नाही. विंगचा दाब हवेच्या घनतेच्या सरळ प्रमाणात असतो, हवा २२ टक्के कमी तर दाब २२ टक्के कमी. तो भरून काढायला त्याच कोपऱ्यात १३ टक्के जास्त वेगाने जायला लागेल, जे अशक्य आहे कारण ग्रिपच नाही. म्हणून टीम मोनॅकोला लावतात तसली सगळ्यात मोठी विंग मेक्सिकोला लावतात आणि एवढं करूनही मिळणारा डाउनफोर्स साधारण मोंझाच्या पातळीचा असतो, जिथं सगळ्यात बारीक विंग असते. इथं ड्रॅग स्वस्त आहे म्हणून विंग कितीही मोठी लावली तरी सरळ रस्त्यावर फार नुकसान नाही, त्यामुळे हा निर्णय सोपा. ज्या टीमच्या गाडीचा मूळ डाउनफोर्स चांगला पण इतर ट्रॅकवर ड्रॅग जास्त म्हणून मागे पडतात त्यांना इथं संधी मिळते. शिवाय गाडी कमी दाबली जाते म्हणून ती खाली कमी बसते, तर राइड हाइट आणि स्प्रिंग त्या हिशोबाने परत जुळवायला लागतात.

टायरवर याचा परिणाम लोकांना उलटा वाटतो. डाउनफोर्स कमी म्हणजे टायरवर भार कमी, म्हणजे टायर जास्त टिकणार असं वाटतं ना? पण भार कमी म्हणून टायर घसरतो, घसरला की वरचा थर तापतो आणि आतला भाग मात्र नीट तापत नाही. वर भाजलेला, आत थंड. मग ग्रेनिंग होतं, पृष्ठभागावर रबराचे दाणे सुटतात. क्वालिफाइंगला (रेसमधली सुरुवातीची जागा ठरते तेव्हा) एक लॅप तयारीचा द्यायचा की दोन, हा निर्णय त्यामुळे इथं खूप नाजूक होतो आणि तो ट्रॅकच्या त्या तासाच्या तापमानावर अवलंबून असतो, आधी ठरवून येता येत नाही.

ब्रेकिंगबद्दल बघा. एफ-वनची गाडी ३५० ला असताना ड्रायव्हरने नुसता पाय उचलला तरी हवा तिला जोरात मागे खेचते. मेक्सिकोत ते खेचणं पाऊणपट. टायरवर डाउनफोर्स कमी म्हणून ब्रेक लावताना ग्रिप कमी. आणि मुळात वेग जास्त! म्हणजे साडेतीनशेवरून शंभर-सव्वाशेपर्यंत यायचं काम जवळजवळ सगळं ब्रेकच्या डिस्कवर येतं, आणि त्या डिस्क थंड करायला हवा पाऊणपट.

आता माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा येतो, तो म्हणजे कूलिंग. प्रेक्षकांना विंग दिसते, टॉप स्पीड स्क्रीनवर दिसतो, कूलिंग दिसत नाही, पण उंचीवरची रेस बहुतेक वेळा तिथंच ठरते. उष्णता वाहून न्यायला हवेचं वजन लागतं, नुसतं आकारमान नाही. इंजिन तेवढीच किंवा जास्त उष्णता टाकतंय, टर्बो जास्त फिरतोय, ब्रेक जास्त तापताहेत आणि वाहून नेणारं वजन कमी. टीम बॉडीवर्कला मोठी भोकं पाडते, मागचा भाग रुंद करते, ब्रेक डक्ट सगळ्यात मोठ्या लावते. तेवढ्यानेही पुरत नाही अशी वेळ येते. भोकं मोठी केली की ड्रॅग वाढतो, तो इथं स्वस्त आहे, पण मागच्या विंगकडे आणि फ्लोअरकडे जाणारी हवा बिघडते आणि डाउनफोर्स जातो, जो इथं सगळ्यात महाग आहे. म्हणून खरी ओढाताण डाउनफोर्स आणि कूलिंगमध्ये असते.

आणि हा निर्णय करताना टीमने स्वतःला एक प्रश्न विचारायचा असतो: आपण पुढे असणार की गर्दीत? मोकळ्या हवेत पुढे धावणाऱ्या गाडीला जेवढी भोकं पुरतात तेवढी दुसऱ्याच्या मागे धावणाऱ्या गाडीला पुरत नाहीत, कारण पुढच्याची गरम आणि ढवळलेली हवा तिच्या तोंडावर येते. पोलवरून सुरू करायची खात्री असलेली टीम बॉडीवर्क घट्ट ठेवू शकते. दहाव्या नंबरवाल्याने तसं केलं तर पंधरा लॅपमध्ये इंजिनियर रेडिओवर येणार. रॅलीतही मी हेच करतो, एकटी धावणारी गाडी आणि दुसऱ्याच्या धुळीत धावणारी गाडी यांचं कूलिंग एकच धरायचं नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: पॉवर टर्बो सांभाळतो पण काठावर जाऊन, ड्रॅग कमी झाला तो फायदा, डाउनफोर्स गेला त्याला मोठ्या विंगने अर्धाच इलाज, आणि कूलिंगला इलाज केला की डाउनफोर्स आणखी जातो.

आता हे रेसमध्ये कसं दिसतं. सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या ब्रेकिंगपर्यंत मेक्सिकोत जवळपास ८०० मीटर आहेत, कॅलेंडरवरच्या सगळ्यात लांब धावांपैकी एक. त्यामुळे पोलवरचा माणूस तिथं सुरक्षित नसतो. २०२१ ला बोटास आणि हॅमिल्टन पहिल्या रांगेत होते, व्हर्स्टापेन तिसरा, आणि तो बाहेरच्या बाजूने सगळ्यात उशिरा ब्रेक लावून पहिल्याच कोपऱ्यात पुढे गेला. तिथं ब्रेक कधी लावायचा हे ठरवणं एरवीपेक्षा अवघड, कारण वेग जास्त, हवेची मदत कमी आणि टायर-ब्रेक पहिल्या लॅपला पूर्ण तापलेले नाहीत.

त्यानंतर मात्र ओव्हरटेक करणं त्या लांब सरळ रस्त्यावरून वाटतं तेवढं सोपं नाही. स्लिपस्ट्रीम म्हणजे पुढच्याने हवा फाडली म्हणून माझा ड्रॅग कमी. पण ड्रॅग मुळातच कमी असेल तर वाचणार तरी किती? २०२५ पर्यंतच्या डीआरएसचंही तेच होतं, विंगचा फ्लॅप उघडून जो ड्रॅग जायचा तोच पाऊणपट. आणि मागे चिकटून राहायची किंमत मोठी, ब्रेक आणि इंजिन दोन्ही तापतात. म्हणून ड्रायव्हर सरळ रस्त्यावर मुद्दाम थोडा बाजूला गाडी काढतो, ताजी हवा घ्यायला. लिफ्ट अँड कोस्ट करतो, म्हणजे ब्रेकच्या आधीच पाय उचलून गाडी थोडी सोडतो. बघणाऱ्याला वाटतं हा प्रयत्नच करत नाही. त्याला इंजिनियरने सांगितलेलं असतं की दोन लॅप मागे राहा, थंड कर, मग एकदाच पूर्ण ताकदीने जा. तापमानाचा ग्राफ बघून असे दोन-तीन लॅपचे हल्ले आखायला लागतात, आणि जर ते जमत नसेल तर ट्रॅकवर न झगडता लवकर पिट घेऊन पुढे जायचा मार्ग बघायचा. उंचीवर अंडरकटला किंमत येते ती यामुळे.

ड्रायव्हरचं शरीर हा वेगळा विषय. २,२४० मीटरवर निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजन थोडंच उतरतं, पण हृदयाचे ठोके वाढतात, झोप नीट लागत नाही, कोरड्या हवेत पाणी जास्त जातं. डाउनफोर्स कमी म्हणून मानेवरचा भार थोडा हलका असतो हा एक दिलासा. काही दिवस आधी पोचणं हाच त्यावर साधा उपाय. मेकॅनिकलोकांचं कुणी बोलत नाही पण त्यांनाही तेच होतं, रात्री जागून गिअरबॉक्स उतरवणाऱ्या माणसाचं डोकं दुखत असेल तर बोल्ट चुकतो.

पाइक्स पीकचं उदाहरण द्यायलाच हवं, कारण तिथं उंची एका धावेतच बदलते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आहे ही हिलक्लाइंब, सुरुवात २,८६२ मीटरवर, शेवट ४,३०२ मीटरवर, २० किलोमीटरला किंचित कमी, १५६ वळणं. खाली जो सेटअप बरोबर तो वर बरोबर नसतो, काही ड्रायव्हर गाडीत ऑक्सिजन घेऊन बसतात. २०१३ ला सेबास्टियन लोबने प्यूजो २०८ टी-१६ मध्ये ८ मिनिटं १३.८७८ सेकंद घेतली, गाडी ८७५ हॉर्सपॉवर आणि ८७५ किलो. टर्बो होता. २०१८ ला रोमाँ द्युमाने फोक्सवॅगन आय.डी. आर मध्ये ७ मिनिटं ५७.१४८ केली. ती गाडी इलेक्ट्रिक, सुमारे ६८० हॉर्सपॉवर, वजन प्यूजोपेक्षा बरंच जास्त. कमी पॉवर, जास्त वजन, तरी १६ सेकंदांहून जास्त पुढे! मोटरला हवा लागतच नाही, वरच्या वळणावरही तेवढीच ताकद आणि लॅग नाही. अर्थात विंग तिलाही अवाढव्य लावावी लागली कारण डाउनफोर्सचा प्रश्न इलेक्ट्रिकलाही तसाच आहे. टर्बो उंचीचा प्रश्न किती सोडवतो आणि किती शिल्लक ठेवतो हे बघायचं असेल तर या दोन गाड्या शेजारी ठेवून बघा.

आता तुमची गाडी. तुम्ही जाताय ते मेक्सिकोपेक्षा कितीतरी वर आहे. लेह ३,५०० मीटर, तिथं दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. खारदुंग ला, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, सुमारे ५,३५९ मीटर, तिथं दाब जवळजवळ निम्मा.

पहिलं, बूस्ट, म्हणजे टर्बो देतो तो दाब. तुमच्या मॅपमध्ये (ईसीयूच्या सेटिंगमध्ये) टार्गेट २ बार ॲब्सोल्यूट असेल तर पुण्यात टर्बो दुपटीला थोडं जास्त दाबतोय, लेहला तो तिप्पट दाबेल, खारदुंग लाला पावणेचार पट. छोट्या हॅचबॅकच्या टर्बोला हे झेपणारं नाही, तो ओव्हरस्पीड होणार. कंपनीचा ईसीयू बाहेरचा दाब बघून आपोआप बूस्ट खाली आणतो, पण रीमॅप करताना बरेचदा ती मर्यादाच सैल केलेली असते. ट्यूनरला हे आधी विचारा. माझ्या गाड्यांत मी उंचीला बूस्टचं टार्गेट नाही, दाबाच्या पटीची मर्यादा लावतो, पॉवर जाते ती जाऊ देतो. जुन्या पद्धतीचा नुसता स्प्रिंगचा वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) असेल तर तो बाहेरच्या दाबाच्या वर ठरावीक बूस्ट देतो, म्हणजे उंचीवर एकूण दाब आपोआप उतरतो, टर्बो वाचतो.

याच्याशीच जोडलेली डायनोची, म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या मशीनची, गोष्ट. पुणं साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथले डायनो आकड्याला सुधारणा लावून समुद्रसपाटीचा आकडा छापतात. साध्या इंजिनला ते बरोबर आहे. टर्बोच्या गाडीत ईसीयू ॲब्सोल्यूट दाब पकडून ठेवत असेल तर पॉवर मुळात गेलेलीच नसते आणि कागदावर ५-६ टक्के फुकटचे वाढतात. त्या कागदावरून लडाखचं गणित करू नका, सुधारणा न लावलेला आकडा मागा.

दुसरं, बूस्ट यायच्या आधी. टर्बो फिरेपर्यंत तुमचं एक लिटरचं इंजिन खारदुंग लाला अर्ध्या लिटरचं असतं. चढावर हेअरपिनमधून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडायची सवय असेल तर तिथं पहिला लागेल, आणि क्लचवर भार येईल. को-ड्रायव्हरच्या नोट्समध्ये गिअर लिहीत असाल तर खालच्या उंचीवर लिहिलेले गिअर वर चालणार नाहीत.

तिसरं, ब्रेक, आणि हे बहुतेकांच्या डोक्यातच नसतं. रोजच्या गाडीचा ब्रेक बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या जोरावर. बाहेरचा दाबच निम्मा असेल तर मदतही निम्मी. पेडल कडक लागतं आणि ड्रायव्हर घाबरतो की ब्रेक गेले. गेलेले नसतात, पाय जास्त जोरात लावायला लागतो. वर पोचल्यावर स्टेज (वेळ मोजला जातो तो रॅलीचा टप्पा) सुरू होण्याआधी चार-पाच वेळा जोरात ब्रेक लावून पायाला ती सवय करून घ्या. उतारावर डिस्क थंड होणंही कमी असतं म्हणून फ्लुइड नवीन भरून जा.

चौथं, पाणी. लेहला डाळ शिजायला वेळ लागतो त्याच कारणाने रेडिएटरही लवकर उकळतो. १.१ बारची कॅप असेल तर समुद्रसपाटीला साधं पाणी १२० च्या थोडं वर उकळतं, खारदुंग लाला ११४ च्या आसपास. आणि कॅप गळकी असेल तर ८२-८३ ला. नवी कॅप टाका, किरकोळ किमतीची वस्तू आहे आणि अख्खी रॅली वाचवते.

पाचवं, टायरचं प्रेशर. गेज बाहेरच्या दाबाशी तुलना करतो, त्यामुळे मनालीत भरलेला टायर खारदुंग लाला उगाच ४ पीएसआय जास्त दाखवेल, पण तिथं थंडी असेल तर आतली हवा आकसून तेवढंच कमीही होईल. दोन्ही मिळून काय होईल ते त्या दिवसाच्या थंडीवर, म्हणून आधी हिशोब करत बसू नका, स्टेजच्या तोंडाशी थंड टायर मोजा आणि तिथेच ठरवा.

आणि माणसं. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. २,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तरुण आणि फिट माणसालाही. विमानाने थेट लेहला उतरलात तर निदान दोन दिवस काहीही करायचं नाही, रेकी, म्हणजे रस्त्याची आधीची पाहणी, पण नाही. डोकेदुखी, उलटी, तोल जाणं यातलं काही दिसलं की तो माणूस गाडीत बसत नाही, आणि वाढत असेल तर तातडीने खाली उतरवायचा. हा निर्णय ड्रायव्हर किंवा को-ड्रायव्हरवर सोडू नका, कारण ऑक्सिजन कमी पडला की पहिली जाते ती स्वतःबद्दलची पारख. तुमच्यातला जो गाडी चालवणार नाही अशा एकाला आधीच नेमा, त्याचा शब्द शेवटचा. पल्स ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजनचा सिलेंडर सर्व्हिस व्हॅनमध्ये असायलाच हवा, आणि कुणाला दमा, बीपी वगैरे असेल तर त्याने निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

गाडीबद्दल यापुढे नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: इंजिन कुठलं, ईसीयू स्टॉक आहे की रीमॅप केलेला, आणि वेस्टगेट स्प्रिंगचा की इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा. शक्य असेल तर लोणावळ्याचा घाट चढतानाचा एखादा डेटा लॉग पण टाका, बूस्ट, इनटेक टेंपरेचर आणि कूलंट टेंपरेचर एवढं त्यात असलं तरी पुरेल, त्यावरून दाबाची मर्यादा किती ठेवायची ते सांगतो.